रेणापूर ते येडशी : एका छोट्या जंगलाची शिरगणती

रेणापूर तालुक्यात अभयारण्य नाही. अख्ख्या लातूर जिल्ह्यात जंगलाखालची जमीन एक टक्काही भरत नाही. आमच्याकडे काळी जमीन. तिच्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी असेल तेथे ऊस. झाडे म्हणाल तर बांधावरच्या बाभळी, कडुलिंब, गावकुसाजवळच्या चिंचा आणि कबरस्तानातली जुनी सावली. त्यामुळे ‘जंगल पाहायला जाऊ’ म्हटले की आमच्या घरांतली मुले ताडोब्याचे नाव घेतात. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात, आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर. त्यात गाडीचा, राहण्याचा, सफारीचा खर्च. पाच-सहा माणसांच्या घराला तो झेपत नाही.

पण जंगल इतके लांब नाही. लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले आणि मुरूड, ढोकी मागे पडली की धाराशिव जिल्ह्यात येडशी लागते. तेथे बालाघाटच्या डोंगरात येडशी रामलिंग घाट वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ मध्ये ते घोषित झाले. क्षेत्र अवघे २२.३८ चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा विस्तार सतराशे चौरस किलोमीटरहून जास्त आहे. त्याच्या शेजारी येडशी म्हणजे मोठ्या वाड्याच्या दारातले तुळशीवृंदावन. रेणापूरहून अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. फजरची नमाज करून निघाले तर ऊन चढायच्या आत पोहोचता येते आणि मगरिबला परत घरी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन घरांची मंडळी तेथे गेलो. आमच्यात शाळकरी मुले होती, शिक्षिका असलेल्या दोन आपा होत्या, अत्तारीचे दुकान चालवणारे चाचा होते आणि शेळ्या-बकऱ्यांच्या खरेदीसाठी आयुष्यभर गावोगाव हिंडलेले मामू होते. वाघ पाहायचा हा आमचा हेतू नव्हता. जंगलात काय काय आहे हे मोजतात कसे, आणि त्या मोजणीत आपल्यासारख्या माणसांचे काही काम असते का, एवढेच आम्हाला पाहायचे होते.

पाण्याच्या वाटेने

लातूर-येडशी या टापूत एके काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी या टप्प्याने सुरू झालेली ही लाइन १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. रामलिंगच्या घाटात ती इतकी हळू चालायची, की तरणी पोरे खाली उतरून सीताफळे तोडायची आणि पुन्हा डब्यात चढायची, असे आमचे बुजुर्ग सांगत. आता रूळ रुंद झाले, मार्गही बदलला. सीताफळे मात्र बालाघाटात अजून पिकतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती येडशीच्या बाजूनेच. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्याची आठवण लातूर-रेणापूरकडच्या प्रत्येक घरात आहे. घागरींच्या रांगा, टँकरची वाट पाहणे, वुजूसाठी तांब्याभर पाण्याचा हिशेब.

या आठवणीचा जंगलाशी संबंध आहे. लातूरला पाणी देणारी मांजरा याच बालाघाटच्या रांगांत, बीड जिल्ह्यात उगम पावते. भंडारवाडीच्या धरणात अडणारी आमची रेणा पुढे मांजरेलाच मिळते. डोंगरावर गवत आणि झाडोरा असला तर पावसाचे पाणी मुरते, ओढ्यांना उशिरापर्यंत पाझर राहतो. डोंगर बोडका झाला तर तेच पाणी माती घेऊन खाली येते आणि धरणात गाळ भरते. म्हणून बालाघाटातले छोटेसे जंगलसुद्धा परक्या जिल्ह्याचे म्हणून सोडून देता येत नाही.

जटायूचे ठिकाण

अभयारण्याच्या मधोमध, दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. श्रावणात येथे मोठी गर्दी असते. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी लढून जटायू जखमी झाला आणि येथेच त्याची रामाशी भेट झाली, अशी या भागातल्या लोकांची श्रद्धा आहे. जटायूची समाधीही येथे दाखवतात. माकडे पायऱ्यांवर, झाडांवर, माणसांच्या पिशव्यांवर नजर ठेवून बसलेली असतात.

आमच्यातल्या एका मुलीने विचारले, “जटायू म्हणजे गिधाड ना? मग येथे गिधाडे कोठे आहेत?”

गिधाडे दिसली नाहीत. मामू म्हणाले, “आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की दुपारपर्यंत नुसता सापळा राहायचा. पन्नास-साठ गिधाडं उतरायची. आता कुत्री ओढत बसतात, वास आठ दिवस जात नाही.” बरोबरच्या मुलांपैकी एकानेही आयुष्यात गिधाड पाहिलेले नव्हते.

गिधाडे का गेली हे आज आपल्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक झाले मोजणीमुळेच. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकात तेथेच पुन्हा मोजले तेव्हा घसरण एवढी मोठी निघाली की कारण शोधणे भाग पडले. २००४ मध्ये ते कारण जगापुढे आले. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. २०२३ मध्ये त्याच जातीच्या आणखी दोन औषधांवर आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती.

पहिली मोजणी झाली नसती तर ‘पूर्वी जास्त दिसायची, आता कमी दिसतात’ एवढ्यावरच गोष्ट राहिली असती. मामूंची आठवण खरी आहे, पण तिच्यावर तारीख नाही आणि आकडा नाही. भरतपूरच्या वहीत दोन्ही होते, म्हणून औषधावर बंदी आली.

पाहिले तेवढेच लिहायचे

आमच्याबरोबर एक वनमजूर होते आणि जवळच्या वस्तीवरचा एक तरुण होता. उन्हाळ्यात पाणवठ्यावरच्या गणनेला तो दर वर्षी बसतो. मोजणी कशी होते हे त्या दोघांनी चालता चालता समजावले.

तृणभक्षी प्राण्यांसाठी जंगलात साधारण दोन किलोमीटरची एक सरळ रेघ ठरवतात. भल्या सकाळी दोन-तीन माणसे तिच्यावरून सावकाश, न बोलता चालतात. प्राणी दिसला की कोणता, किती, रेघेपासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला, हे लिहितात. अंतर का, असे मुलांनी विचारले. जवळचा प्राणी सहसा नजरेतून सुटत नाही, लांबचा सुटतो. किती सुटले असतील याचा अंदाज या अंतरांवरून गणिताने काढतात. मांसाहारी प्राणी दिवसा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पाच किलोमीटरची पायवाट चालून ठसे, विष्ठा, नखांचे ओरखडे टिपतात. देशातल्या व्याघ्रगणनेत २००६ पासून दर चार वर्षांनी ही पद्धत वापरतात.

आधी फक्त ठशांवर भिस्त होती. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पाचे सत्य उघड झाले. कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर पद्धत बदलली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात.

तासाभरात मुलांचे डोळे तयार झाले. वाटेवर चुन्यासारखी पांढरी विष्ठा दिसली. ती तरसाची. तरस हाडे चघळतो, म्हणून त्याची विष्ठा वाळून पांढरी पडते. पुढे एका दगडावर फळांच्या बिया भरलेली विष्ठा होती; ती उदमांजराची असावी असे वनमजूर म्हणाले. एके ठिकाणी लेंड्यांचा मोठा ढीग होता. नीलगाय रोज त्याच जागी येऊन लेंड्या टाकते. वर झाडांत सातभाईंचा कलकलाट होता, तारेवर कोतवाल होता, लांब कोठेतरी तितर ओरडत होता.

आमच्या एका आपांनी वही उघडून लिहायला घेतले. झुडपाआड काही तरी मोठे खसफसले. आपा म्हणाल्या, “मोर असेल, लिहिते.” तो तरुण हसून म्हणाला, “‘असेल’ लिहायचं नाही, आपा. दिसला का? ओरडला का? ओरडला असेल तर ‘आवाज ऐकला’ असं लिहा. नाही तर सोडून द्या.” मग म्हणाला, “आणि दोन किलोमीटर चालून काहीच दिसलं नाही, तर ‘काही नाही’ हेही लिहायचं. शून्यसुद्धा नोंदच असते.”

त्याचे हे बोलणे ऐकून आम्हाला सूरह नम्लमधला प्रसंग आठवला. हजरत सुलैमान (अ.स.) पक्ष्यांची हजेरी घेतात तेव्हा हुदहुद जागेवर नसतो. त्याची गैरहजेरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ते कारण विचारतात. हुदहुद परत येतो आणि सबा देशाची बातमी आणतो. ऐकीव बातमी नव्हे, स्वतः पाहून आलेली. आणि सुलैमान (अ.स.) ती लगेच मान्यही करत नाहीत, खरे की खोटे हे आधी पडताळू, असे सांगतात. हजेरी, गैरहजेरीची नोंद, पाहून आणलेली बातमी आणि पडताळणी : सर्वेक्षणाचे चारही भाग येथे आहेत. हा प्रसंग आमच्या मुलांनी मकतबमध्ये अनेकदा ऐकला आहे. हुदहुद हा आपल्याकडचाच पक्षी आहे, मराठीतही त्याला हुदहुद म्हणतात, आणि डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे घेऊन तो आपल्या अंगणात किडे टोकरत फिरतो, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

सालिम अलींचा मुलूख

या कामात आपले कोण आहे, असे मुलांनी विचारले तर सांगण्यासारखे एक मोठे नाव आहे. डॉ. सालिम अली. जन्म मुंबईत, १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. घरात शिकारीचा शौक. मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग हिचे मांस खाणे जायज आहे की नाही, अशी शंका त्या मुलाला आली. तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला आणि मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. तेथे कपाटांत ओळीने मांडलेले पक्षी त्याने पाहिले, आणि पुढचे सगळे आयुष्य तेथून सुरू झाले.

आमच्या भागासाठी यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सालिम अलींनी संस्थानांच्या मुलुखात घेतलेले पहिले मोठे पक्षी-सर्वेक्षण हे हैदराबाद संस्थानाचे होते. तेव्हा लातूर, रेणापूर, धाराशिव हा सगळा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. सालिम अलींकडे विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती आणि नोकरीही नव्हती. त्यांनी सुचवले की पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. १९३१ मध्ये काम सुरू झाले आणि त्याचे निष्कर्ष १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापून आले. पत्नी तहमिना मुक्कामांत त्यांच्याबरोबर असत. छावणीची सगळी व्यवस्था त्या पाहत. म्हणजे हे कामही दोघांचे, घराचे होते.

दख्खनच्या पक्ष्यांवर आज कोणी लिहायला बसले तर त्याला या नव्वद वर्षांपूर्वीच्या नोंदींपाशी यावेच लागते. सालिम अलींच्या आवडीचा माळढोक घ्या. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांनी त्याचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य झाले, तरी आज तो तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याला दाट जंगल लागत नाही, मोकळे माळरान लागते. आणि माळरानाला आपण सरकारी कागदावर आणि बोलण्यातही ‘पडीक’ म्हणतो. ज्याला पडीक म्हटले तेथे काय राहते हे मोजायला कोण जाणार?

न बोलावलेला पाहुणा

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या कॅमेऱ्यात एक वाघ आला. या डोंगरांत वाघ असल्याचे आमच्या पिढीने ऐकले नव्हते. पट्ट्यांवरून शोध घेतला तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. शेते, रस्ते, रेल्वे, नद्या ओलांडत शेकडो किलोमीटर चालून तो आला होता. याआधीही टिपेश्वरच्या वाघांनी अशा लांब वाटा तुडवल्या आहेत. एक बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, एक गौताळ्याला. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचे. तरण्या नराला तेथे जागा उरत नाही आणि तो नवी जागा शोधत निघतो.

या बातमीने धाराशिव आणि बार्शीकडच्या गावांत भीती पसरली. गुरे मारली गेली. रात्री शेतात पाणी द्यायला जाणे अवघड झाले. वनखात्याने त्याला पकडून दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्न केले. ज्याची गाय गेली त्याला ‘वाघ आला, अभिमानाची गोष्ट’ असे सांगून चालत नाही. आमच्याकडे हरणे आणि रानडुकरे एका रात्रीत हरभरा उलथून टाकतात, तेव्हा आमचेही डोके तापतेच. पंचनामा वेळेवर होणे आणि भरपाई हातात पडणे हाही संरक्षणाचाच भाग आहे; तो नसेल तर शेतकऱ्याकडून जंगलाची राखण होणार नाही.

पण त्या वाघाने एक गोष्ट दाखवून दिली. बावीस चौरस किलोमीटरचे हे रान आम्ही किरकोळ समजत होतो. त्याला ते थांबण्यासारखे वाटले. आणि तो आला हे कळले, कारण कोणीतरी तेथे आधीच कॅमेरे बांधून ठेवले होते.

हिमा

दुपारी आम्ही अभयारण्याच्या कडेला एका ओढ्याजवळ दस्तरखान टाकले. तेथे मेंढ्या घेऊन एक वयस्क धनगर आले. त्यांना आबा म्हणत होते. भाकरी आमच्याबरोबर खाल्ली आणि बोलता बोलता म्हणाले, “लांडगा कुठं पिल्लं घालतो ते मला ठावं हाय. माझी कोकरं नेतो तो. पर जागा कुणाला दावायचो न्हाई. लोक जातील, धूर करतील, पिल्लं मारतील.” वस्तीवरचा तरुण म्हणाला, “बरोबर आहे आबा. अशी जागा आम्हीही उघड कागदावर लिहीत नाही.” ज्या माणसाचे लांडग्यामुळे नुकसान होते तोच त्याची जागा झाकून ठेवतो! या जंगलाची खरी माहिती अशा माणसांकडे आहे, आणि विश्वास असेल तरच ती बाहेर येते.

इस्लामच्या इतिहासात राखीव रानासाठी एक शब्द आहे, हिमा. अरबस्तानात पूर्वी टोळीचे सरदार चांगली कुरणे स्वतःसाठी अडवून ठेवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही रीत मोडली, कुरण राखायचे ते सगळ्यांच्या भल्यासाठीच, असा दंडक घातला. मदिनेजवळचे नकीअ हे असे राखलेले कुरण होते. मक्का आणि मदिनेच्या हरम हद्दीत शिकार आणि झाडतोड मना आहे, आणि एहराम बांधलेल्याला शिकार वर्ज्य आहे, हे हजला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या रखवालदाराला दिलेली ताकीद सहीह बुखारीत आली आहे. ज्याच्याकडे थोडे उंट किंवा थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. श्रीमंतांचे मोठे कळप मात्र आत घेऊ नको. कारणही त्यांनी सांगितले. श्रीमंताची जनावरे मेली तरी त्याला शेत आणि बाग आहे. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन माझ्याच दारी येईल; त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत आणि पाणी देणे सोपे आहे.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या या हुकुमात आजच्या सामूहिक संरक्षणाचा गाभा आहे. रान राखायचे, पण त्याच्या कडेला राहणाऱ्या गरिबाचा विचार आधी करून. आपल्याकडे संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत सामान्य माणसांना मचाणावर बसवून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात, त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. एका रात्रीच्या मोजणीने जंगलातला नेमका आकडा कळत नाही, हे वनखातेही जाणते. पण रात्रभर जागून तहानलेला प्राणी पाण्याला तोंड लावताना पाहिलेला माणूस उन्हाळ्यात वणवा लागला तर विझवायला धावतो.

आपल्या गावची वही

परतीच्या वाटेवर बोलणे निघाले की हे सगळे येडशीत, रेणापूरला काय?

रेणापूरलाही वही आहे, निदान असायला हवी. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना रुजवली. समितीत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या आहेत. गावातली पिके, झाडे, औषधी वनस्पती, पाळीव जनावरांच्या जाती, पक्षी-प्राणी, ओढे-तलाव आणि त्यांच्याबद्दलचे लोकांचे ज्ञान, असे सगळे तिच्यात लिहायचे असते. बाहेरचा व्यापारी गावच्या हद्दीतून वनस्पती गोळा करून नेत असेल तर शुल्क आकारण्याचा अधिकारही कायद्याने समितीला दिला आहे. म्हणजे प्रश्न रोजीरोटीचाही आहे.

गावाने भरली नाही तर ही वही कार्यालयात बसून, दुसऱ्या गावची नक्कल करून भरली जाते. मग तिच्यात नसलेले वाघ येतात आणि असलेले उदमांजर राहून जाते. ती खरी भरायची तर आमच्या घरांतली माणसे तिच्यापाशी बसली पाहिजेत. अत्तार चाचांच्या दुकानातल्या डब्यांत गुळवेल, शतावरी, बिब्बा, गोखरू, मुसळी आहे. कोणती मुळी पूर्वी जवळच्या माळावर मिळायची आणि आता बाहेरून मागवावी लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी नावाजलेले आहे. तेथून काय येत होते हेही ते सांगतात. मामूंना उस्मानाबादी शेळी लांबून ओळखता येते आणि देवणी गाय कोणत्या गावात उरली आहे हे माहीत आहे. मासेमारी करणाऱ्यांना धरणातले मासे, बागवानांना बोरी-सीताफळांच्या जाती, दादी-नानींना पावसाळी रानभाज्या. हे ज्ञान माणसाबरोबर कबरीत जाते. लिहून ठेवले तर ते सदका-ए-जारिया होईल, असे आम्हाला वाटते.

हे करायला गाडी लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. भंडारवाडीच्या धरणावर चार मुले आणि एक दुर्बीण पुरे. हिवाळ्यात मराठवाड्याच्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात; बारमाही हळदी-कुंकू बदक आणि शेकाटे असतातच. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. भारतात २०१३ पासून. त्यासाठी गच्चीवर पंधरा मिनिटे उभे राहिले तरी चालते. घराबाहेर फार पडता येत नाही अशा आमच्या बहिणींना आणि मुलींना तर हे सहज जमेल. मोबाइल नसेल तर वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा, पक्षी, आकडा. ओळखता आला नाही तर रंग आणि आवाज लिहावा. दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असे लिहावे.

आमच्या दोन्ही आपांनी शाळेत अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर चिमण्या, पारवे, साळुंक्या, घारी आणि टिटव्या आहेत. तिसऱ्या पानावर कबरस्तानाच्या भिंतीजवळ एक हुदहुद आहे. वेळ सकाळी सात वाजून वीस मिनिटे, पाहणारी सहावीतली मुलगी. गिधाडाच्या रकान्यात दर महिन्याला शून्य लिहिले जाते.